ठराव झाला म्हणजे जागा गेली का? घरासमोरची दोन मीटर, टीडीआर आणि ‘स्टाफ नाही’

भाऊ, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दात मांडतो, समजण्यात चूक झाली असेल तर इथंच टोका. पूर्व नागपुरात तुमचं ३० बाय ५० च्या प्लॉटवर घर आहे. सामोरचा रस्ता १२ मीटरचा करायचा ठराव तीन वर्षांपूर्वी झाला असं तुम्हाला कळलं. मागच्या महिन्यात दोन माणसं आली, कंपाऊंडच्या आत दोन मीटरवर लाल ऑइलपेंटनं खूण मारली आणि म्हणाले की भिंत तुम्हीच काढून घ्या, टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क) भेटून जाईल. लेखी काहीच दिलं नाही. तुम्ही चौकशीला गेलात तर उत्तर भेटलं की सध्या स्टाफ नाही. आता तुम्ही विचारता की भिंत काढू का, आणि पैसे मागू की टीडीआर घेऊ.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, भिंतीला हात लावू नका. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुमच्या कागदांवर आहे, आणि तुमचा खरा प्रश्न या दोन्हीच्या आधी येतो: ती दोन मीटर जागा तुमची आहे का? हसू नका, अर्ध्या लोकांचा घोटाळा इथंच होते.

मी कोण ते सांगून ठेवतो. विदर्भातल्याच एका महापालिकेत ३१ वर्षं काढली, ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो, डेप्युटी म्हणून सुटलो, मधली सहा वर्षं नगररचनेच्या टेबलावर होतो. आता नागपुरात घरीच असतो, ओळखीपाळखीचे लोक नकाशाच्या सुरळ्या घेऊन येतात आणि बायको चहा करून करून वैतागते. वकील नाही मी, त्यामुळे कोर्टाची पाळी आली तर वकिलाकडेच जा.

आता ठरावाबद्दल. लोकांना वाटते सभेनं ठराव केला म्हणजे निर्णय झाला, आता फक्त जेसीबी यायचा बाकी. तसं नसते. रुंदीकरणाच्या एका ठरावातून चार वेगवेगळ्या फायली निघतात, रस्त्याची, जागेची, पैशाची आणि माणसांची, आणि चौघीही वेगवेगळ्या ऑफिसात फिरतात, एकीला दुसरीचा पत्ता नसते. बरं, तुमचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव म्हणजे तेव्हा नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ ला मनपाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार होता, म्हणजे स्थायी समितीचेही अधिकार आयुक्तांकडे आणि आमसभेचेही आयुक्तांकडेच. तेव्हाचे ठराव प्रशासकीय ठराव असतात. ते कमी कायदेशीर असतात असं अजिबात नाही, पण त्यावर सभागृहात चर्चा झालेली नसते, म्हणून वर्तमानपत्रातही फार येत नाही आणि लोकांना तीन-तीन वर्षांनी कोणाच्या तरी तोंडून कळते. तुमचं तसंच झालेलं दिसते. म्हणून ठरावाचा नंबर आणि तारीख काढा आधी. "ठराव झाला म्हणे" या वाक्यावर कोणतंच ऑफिस उत्तर देत नाही, नंबर सांगितला की बाबूला कपाटाकडे पाहावं लागते.

रस्त्याची फाईल लवकर उरकतो, कारण ती तुमच्यासाठी सगळ्यात कमी कामाची. ज्युनिअर इंजिनिअर एस्टिमेट करतो, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, स्थायी समिती, मग वर्क ऑर्डर. नागपुरात दहा झोन आहेत, तुमचा रस्ता त्यातल्या एका झोनच्या कार्यकारी अभियंत्याकडे असेल, जर तो मनपाचा असेल तर. कारण इथं एकाच चौकातून निघणारे चार रस्ते चार मालकांचे असू शकतात, मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), पीडब्ल्यूडी आणि हायवेवाले, वरून मेट्रोचे खांब वेगळेच. आणि ही गोष्ट लक्षात ठेवा, जागा ताब्यात नसतानाही वर्क ऑर्डर निघू शकते. निघायला नको, पण निघते. मग ठेकेदार आहे तेवढ्या रुंदीत काम सुरू करतो आणि जिथं घर आडवं येते तिथं रस्ता बाटलीच्या तोंडासारखा होते. अशा वेळी ठेकेदाराला घाई असते, कारण त्याच्या कामाची मुदत चालू झालेली असते. आता आठवून पाहा, लाल खूण मारणारे ते दोघं कोण होते? त्यांच्याकडे ओळखपत्र होतं का, हातात टेप होता की टोटल स्टेशन (तिपाईवरचं मोजणीचं यंत्र), सोबत नकाशा होता का? मनपाचा सर्व्हेअर असेल तर त्याच्या हातात भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेतला तुमच्या भागाचा नकाशा, असतेच. नुसता पेंटचा डबा घेऊन आले असतील तर मला तरी ते ठेकेदाराची माणसं वाटतात. त्यांना जागेचा काही अधिकार नसते, आणि टीडीआरचा शब्द द्यायचा तर मुळीच नाही.

आता जागेची फाईल. इथं थोडा वेळ घेतो.

पहिलं काम, जागा कोणाची ते पाहणं. नागपुरात किती तरी लेआउट असे आहेत की प्लॉट कागदावर ३० बाय ५० आणि जागेवर ३० बाय ५६. पुढचे सहा फूट कुठून आले? रस्त्यातून. सुरुवातीला बाप तारेचं कुंपण घालतो, मग पोरगा त्याला भिंत करतो, नातू त्यावर छपरी टाकतो, आणि तिसऱ्या पिढीला मनापासून वाटते की ही जागा आपलीच. मंजूर लेआउटमधले रस्ते लेआउट मंजूर होतानाच सार्वजनिक झालेले असतात, त्यातली जागा परत घ्यायला पालिकेला काही द्यावं लागत नाही, फक्त अतिक्रमणाची नोटीस द्यावी लागते. म्हणून स्वतः मोजा. मागच्या भिंतीपासून मोजा, पुढच्या भिंतीपासून नाही, कारण सरकते ती पुढची. टेप कापडाचा नको, स्टीलचा घ्या, कापडाचा ५० फुटात सहज तीन-चार इंच खाते. आणि मागच्या प्लॉटवाल्याच्या भिंतीची जाडी कोणाच्या हिश्श्यात आहे तेही पाहा, कारण नऊ इंचाची वीट इकडेतिकडे झाली की भांडण सुरू. मग हा आकडा रजिस्ट्रीतल्या मापाशी आणि आरएलसोबतच्या (प्लॉट नियमित असल्याचं नासुप्रचं पत्र) नकाशाशी लावा. आरएल नसेल, म्हणजे तुमचा लेआउट नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटच्या ५७२ किंवा १९०० वाल्या यादीतला असून अजून नियमित झाला नसेल, तर मामला वेगळा होते, कारण मोबदला मागायला मालकी दाखवावी लागते आणि तिथं नियमितीकरणाच्या शुल्काची डिमांड नोट भरल्याची पावती सुद्धा सांभाळून ठेवलेली बरी. जागा नझूलची, म्हणजे सरकारनं भाडेपट्ट्यानं दिलेली, असेल तर लीजची मुदत पाहा.

समजा मोजलं आणि ५० फूटच भरलं, म्हणजे दोन मीटर तुमच्याच हद्दीतून जाऊन राहिले. मग दुसरा प्रश्न, कोणत्या कायद्याखाली? इथं लोक दोन गोष्टी एकात मिसळतात. एक असते डीपी रोड, म्हणजे विकास योजनेत दाखवलेला रस्ता, तो एमआरटीपी कायदा १९६६ (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) खाली येते. नागपूरची सुधारित विकास योजना २००० साली मंजूर झाली. दुसरी असते रस्त्याची नियमित रेषा, ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आखतात आणि घर त्या रेषेच्या मागे घ्यायला लावायचा अधिकार पुढच्या कलमांत आहे, २१२ वगैरे, आणि भरपाई २१६ मध्ये. नागपूरला आधी स्वतःचा वेगळा १९४८ चा कायदा होता, २०१२ पासून आपण राज्यातल्या बाकी महापालिकांच्या कायद्यात आलो, म्हणून जुन्या कागदांवर कलमांचे नंबर वेगळे दिसतील, घाबरू नका. तुमचा रस्ता यातल्या कोणत्या डब्यात आहे ते नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढला की समजते. दोन्ही रीतसर अर्ज करून, फी भरून भेटतात, कोणाच्या पाया पडायची गरज नाही.

डीपी रोड निघाला तर एमआरटीपीचं कलम १२६ लागू. त्यात जागा घ्यायचे तीन मार्ग आहेत. एक, आपसात भाव ठरवून विकत घेणं. दोन, पैशाऐवजी एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येते त्याचं प्रमाण) किंवा टीडीआर. तीन, भूसंपादन कायद्यानं सक्तीनं घेणं. चौथा मार्ग, म्हणजे लाल पेंट मारून मालकालाच भिंत पाडायला लावणं, त्या कलमात मला ३१ वर्षात दिसला नाही. टीडीआर तुमच्या संमतीशिवाय तुमच्या गळ्यात मारता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आणि पहिल्या मार्गानं आपसात घ्यायचं तर पालिकेच्या कायद्यातल्या कलम ७७ प्रमाणे दराला स्थायी समितीची मान्यता लागते, म्हणून कोणी अधिकारी "एवढे देऊन देतो" असं तोंडी म्हणाला तर तो चांगला माणूस असेल, पण तेवढा अधिकार त्याच्या खुर्चीला नाही.

पैसे की टीडीआर हे गणित तुमच्याच प्लॉटवर करून दाखवतो. पुढची रुंदी ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर, गुणिले २, झाले साधारण १८.३ चौरस मीटर, आपल्या भाषेत १९७ फूट. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० ची यूडीसीपीआर, रस्त्यासाठी दिलेल्या जागेला दाट वस्तीबाहेर दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर आहे. तुम्ही दाट वस्तीबाहेर असाल असं धरतो, तर ३६.६ चौरस मीटरचं प्रमाणपत्र, म्हणजे ३९४ फूट. ऐकायला बरं वाटते. पण हे विकायचं कुठं? ज्या प्लॉटवर ते वापरणार तिथल्या रेडीरेकनरशी (जमिनीचा सरकारी दर) त्याचा हिशोब लागते. तुमच्याकडचा दर २०,००० धरला (समजायला धरला, तुमचा खरा दर तुम्ही पाहा) आणि बिल्डरचा प्लॉट ४०,००० च्या भागात असेल तर तुमच्या ३६.६ चे तिथं १८.३ च होतात. शिवाय ३६ मीटरच्या चिठ्ठीसाठी कोणी मोठा बिल्डर तुमच्या दारात येत नाही, दलाल येतो, असे दहा-वीस तुकडे गोळा करतो आणि भाव पाडून मागतो. हा माझा अनुभव आहे, नियम नाही, बाजार तेजीत असला की छोटे तुकडेही उचलले जातात.

टीडीआर ऐवजी त्याच प्लॉटवर वाढीव एफएसआय घेता येते. तुमचं घर मंजूर नकाशाचं असेल आणि पोराच्या लग्नानंतर वर मजला चढवायचा विचार असेल तर हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटते. पण जागा कापल्यावर उरते १३०३ फूट, त्यात सामोरचं अंतर सोडून वरचा मजला नियमात बसते का ते आर्किटेक्टला काढून दाखवायला लावा, नाहीतर एफएसआय कागदावर आणि तुम्ही गच्चीवर.

आता पैसे. सक्तीचं भूसंपादन २०१३ च्या कायद्यानं होते, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. शहरात बाजारभाव, त्यावर तेवढाच दिलासा म्हणजे सोलेशियम, एकूण दुप्पट. वरच्याच धरलेल्या दरानं जमिनीचे ३,६५,८०० आणि तेवढेच सोलेशियम, असे ७,३१,६०० च्या आसपास, भिंत-फाटक-पोर्च-बोअर यांचं मूल्यांकन वेगळं आणि त्यावरही सोलेशियम, शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत जमिनीच्या किमतीवर वर्षाला १२ टक्के. बाजारभाव म्हणजे फक्त रेडीरेकनर नव्हे बरं का, आजूबाजूच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांची सरासरी जास्त निघाली तर ती धरतात, म्हणून गल्लीतल्या रजिस्ट्र्यांच्या नकला आत्तापासूनच गोळा करा. आणि त्याच कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे या निवाड्याच्या रकमेवर इन्कम टॅक्स नाही, हे तुमच्या सीएला सांगा, काही जण उगाच भरून मोकळे होतात.

मग सगळे पैसेच काहून नाही मागत? कारण वेळ. भूसंपादनात जिल्हाधिकारी कार्यालय येते, संयुक्त मोजणी येते, सुनावणी येते, आणि पालिकेला रक्कम आधी जमा करावी लागते. महालातला केळीबाग रोड, जुना भंडारा रोड, नागपूरकराला ही नावं सांगायची गरज नाही, किती वर्षं त्या फायली फिरल्या ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या वयाला, गरजेला, आणि वर मजला चढवायचा आहे की नाही त्याला पाहून ठरवा. मी माझ्यासाठी ठरवलं असतं तर एवढ्या छोट्या पट्टीला पैसेच मागितले असते आणि वाट पाहिली असती, भिंत उभी ठेवून. पण माझी पेन्शन चालू आहे, हेही खरं.

इथं एक जण हमखास म्हणेल की एमआरटीपीच्या कलम १२७ ची नोटीस द्या, विकास योजनेतलं जागेवरचं आरक्षण उडवून टाका. बरोबर आहे, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत (आधी १२ होते, २०१५ मध्ये वाढवले) पालिकेनं ठोस पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होते. २००० ची योजना धरली तर दहा वर्षं केव्हाच झाली. पण नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडावे लागतात, अर्धवट कागदांची नोटीस तिथंच मरते. आणि दुसरं, ती नोटीस म्हणजे झोपलेल्या फाईलला कोपर मारणं आहे. कधी कधी ती उठून बसते आणि खरंच संपादन सुरू करते. तुम्हाला पैसे हवे असतील तर बरंच आहे, जागा वाचवायची असेल तर दोनदा विचार करा. मोठ्या रिकाम्या प्लॉटवर शाळा-बगीच्याचं आरक्षण असेल तर १२७ मोठं हत्यार आहे, घरासमोरच्या दोन मीटरसाठी मी सहसा सुचवत नाही, कारण रस्त्याच्या बाबतीत नियमित रेषेचा दुसरा दरवाजा पालिकेकडे उघडाच राहतो.

आत्तापर्यंतचं एवढंच धरून ठेवा: आधी मोजमाप, मग भाग नकाशा, मग कोणतं कलम, आणि त्यानंतर पैसे-टीडीआरचा विचार. उलट्या क्रमानं गेलात तर दलालाच्या हातात सापडाल.

पैशाच्या फाईलबद्दल लोकांचा गैरसमज असा की बजेटमध्ये आकडा आला म्हणजे तिजोरीत पैसा आला. नागपुरात जकात २०१३ ला गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आता राज्याकडून दर महिन्याला नुकसानभरपाईचं अनुदान येते, ते वर्षाला ८ टक्क्यांनी वाढते, आणि त्यातला मोठा हिस्सा पगार-पेन्शनमध्ये जाते. उरला मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नगररचनेचं शुल्क. त्यामुळे बजेटमध्ये भूसंपादनाच्या शीर्षाखाली रक्कम दाखवलेली असते पण ती शहरभराच्या सगळ्या संपादनांसाठी असते, आणि कोर्टानं ज्यांची तारीख बांधून दिली ते प्रकरण रांगेत पुढे घुसते. तुमचे सात लाख मोठे नाहीत, पण तुमच्या रस्त्यावर अशी ४० घरं असतील तर झाले जवळपास तीन कोटी, फक्त जागेचे, डांबराचा एक खडा न टाकता. म्हणून माहिती मागताना "बजेट आहे का" विचारू नका, "या रस्त्याच्या जागेसाठी कोणत्या शीर्षाखाली किती तरतूद, त्यातून आजपर्यंत किती खर्च" असं विचारा.

आता "स्टाफ नाही". हे ऐकून तुम्हाला राग आला असेल, येणारच. पण मी त्या खुर्चीच्या मागे बसलेलो आहे, म्हणून सांगतो, हे अर्धं खरं असते आणि अर्धं ढाल असते. खरं काहून, तर पालिकेला मनात आलं म्हणून माणूस भरता येत नाही. किती पदं असावीत त्याचा आकृतिबंध शासनाकडून मंजूर व्हावा लागते, शासन म्हणते आधी आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत दाखवा, मग बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला त्याचा तक्ता) तपासून आणा, मग जाहिरात, मग कंपनीमार्फत ऑनलाइन परीक्षा, मग कोणी तरी कोर्टात जाते. तोवर दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला ५८ पूर्ण झालेले दोन-चार जण हार-नारळ घेऊन घरी जातात. सभागृहानं "तातडीनं भरती करा" असा ठराव एकमतानं केला तरी त्यातून एक सर्व्हेअर जन्माला येत नाही. सफाईत ऐवजदार (कायम माणसाच्या बदल्यात लावलेले) होते म्हणून झाडू तरी चालत राहिला, पण नगररचनेत ऐवजदार सर्व्हेअर नसते. एका माणसाकडे दोन टेबलं, त्याला आम्ही अतिरिक्त कार्यभार म्हणतो, आणि अतिरिक्त टेबलाची फाईल शुक्रवारी संध्याकाळी उघडते, उघडली तर.

शिवाय तुमच्या जागेच्या मोजणीला फक्त पालिकेचा माणूस पुरत नाही, भूमी अभिलेखचा भूकरमापक लागते, ते राज्य सरकारचं वेगळं खातं. संपादन सुरू झालं तर भूसंपादन अधिकारी, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. तीन खात्यांची तीन माणसं एकाच दिवशी तुमच्या फाटकासमोर उभी राहायची, त्यात एक जण इलेक्शन ड्युटीवर. ढाल काहून म्हणतो ते पण सांगतो. स्टाफ नसला तरी आवक नंबर टाकायला, ठरावाची नक्कल द्यायला आणि "तुमची फाईल अमुक टेबलावर आहे" असं लिहून द्यायला कोणी तरी असतेच. तेवढं मागा. तोंडी उत्तराला तोंडी उत्तर देऊन परत येऊ नका.

हे सगळं मी एवढ्या खात्रीनं काहून सांगून राहिलो, तर ज्याला मी स्वतः तोंडी शब्द दिला होता तो माणूस मला अजून आठवते. नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं असतील. त्या पालिकेच्या शहरात एका गल्लीत रस्ता रुंद करायचा होता, वरून दट्ट्या होता की पावसाच्या आधी खडीकरण झालं पाहिजे. एका शिक्षकाच्या घराची भिंत, तिच्या आत तुळशीवृंदावन. मी त्यांना म्हटलं, गुरुजी, काढून घ्या, मी स्वतः प्रस्ताव टाकतो. आणि मी टाकलाही. त्यांनी पोरांना घेऊन दोन रविवारात भिंत काढली, विटा साफ करून एका बाजूला रचून ठेवल्या, वृंदावन उचलून मागच्या अंगणात नेलं. चार महिन्यांत माझी बदली दुसऱ्या विभागात झाली. प्रस्तावात ताबा पावती नव्हती, संयुक्त मोजणी नव्हती, नुसतं माझं टिपण. नंतर आलेल्या माणसानं शेरा मारला की ताबा केव्हा, कोणी व किती घेतला याचा बोध होत नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. नऊ वर्षांनी गुरुजींचा मुलगा मला भाजीबाजारात भेटला, भांडला नाही, फक्त म्हणाला, साहेब, त्या विटा अजून तशाच पडल्या आहेत. तेव्हापासून मी ताबा पावतीशिवाय कोणाला एक वीट काढायला सांगितली नाही.

तर तुम्ही काय करायचं. या शनिवारी मोजमाप करा, लाल खुणेचा फोटो टेप लावून काढा, फोटोत घर क्रमांक दिसला पाहिजे. सोमवारी झोन ऑफिसात एक पानी अर्ज द्या: अमुक तारखेला दोन इसम येऊन खूण करून गेले, ते आपल्या कार्यालयाचे आहेत का, खूण कोणत्या ठरावानुसार व कोणत्या नकाशावरून केली, आणि रीतसर नोटीस, संयुक्त मोजणी व मोबदल्याचा निर्णय झाल्याशिवाय मी ताबा देत नाही. शेवटचं वाक्य विसरू नका, त्यात तुम्ही रस्त्याला विरोध करत नाही, फक्त ताबा देत नाही. नकलेवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, ऑनलाइन तक्रार केली तरी हा कागद हवाच. त्याच दिवशी भाग नकाशाचा अर्ज नगररचनेत.

माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा टाका. महाराष्ट्रात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागते, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. लोक त्यात सगळी रामकहाणी लिहितात आणि "विषय एकापेक्षा जास्त" म्हणून परत येते. तुम्ही फक्त ठरावाची प्रत, त्यासोबतची टिपणी आणि मार्किंगचा नकाशा एवढंच मागा, आणि एका ओळीत लिहा की मला फाईलचं निरीक्षण करायचं आहे. निरीक्षणात जे दिसते ते झेरॉक्समध्ये दिसत नाही, मार्जिनमधले शेरे, कोणत्या तारखेपासून फाईल कुठं अडून आहे. गल्लीतल्या बाकीच्या घरांनाही सोबत घ्या, पण अर्ज प्रत्येकाचा वेगळा असू द्या, कारण जागेचा हक्क एकेकाचा असतो आणि सामूहिक निवेदनात कोणाचा एक फूट गेला न् कोणाचे दहा हे कळत नाही. नवीन नगरसेवकाला भेटा अवश्य, त्याच्याकडून काम करून घ्यायचं ते म्हणजे संयुक्त मोजणीची तारीख काढून घेणं, भाषण नको.

उद्या सगळं रीतसर झालं, नोटीस आली, मोजणी झाली, तर ताबा पावतीवर सही करताना तीन गोष्टी पाहा. चौरस मीटर आकड्यात आणि अक्षरात आहे का, भिंत-फाटक-बोअर यांचा उल्लेख आहे का, आणि मोबदला कोणत्या स्वरूपात हे लिहिलं आहे का. "मोबदला नियमानुसार" एवढंच असेल तर खाली स्वतःच्या हातानं लिहा, "रोख मोबदल्याची मागणी कायम ठेवून". कोणी अडवत नाही, मी तरी कोणाला अडवलं नाही.

आणि रस्ता सिमेंटचा होणार असेल तर लेव्हल विचारा. जुनं डांबर न खरडता वरून सिमेंट टाकलं की रस्ता तुमच्या जोत्याच्या वर जाते आणि पावसाळ्यात नाली रस्त्याकडे वाहण्याऐवजी तुमच्या पोर्चमध्ये येते. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या घरांत रात्रीतून पाणी शिरलं तेव्हापासून लोक निदान हा प्रश्न विचारायला लागले. एस्टिमेटमध्ये तयार रस्त्याची लेव्हल लिहिलेली असते, तुमच्या उंबरठ्यापासून ती किती खाली येते ते इंजिनिअरकडून भिंतीवर खूण करून घ्या, पाहिजे तर त्याच लाल पेंटनं.

अजून एक राहिलं. तुमचा सेप्टिक टँक कुठं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. ५० फुटी प्लॉटवर तो बहुतेक सामोर, फाटकाच्या आतच असते, म्हणजे नेमका त्या दोन मीटरात. तो गेला तर सांडपाण्याच्या गडर लाईनला जोडणी भेटते का, आणि तिचा खर्च कोण देते, हे अर्जात आत्ताच लिहा. टँकचं झाकण फाटकापासून किती फुटावर आहे तेवढं मोजून मला कळवा, मग पुढचं सांगतो.